लग्नाच्या साडीचं विमान

१२ जानेवारी, रविवार

चर्चमधून आले तर जेवणाच्या टेबलावर एक सांगाडा पडलेला. मोठा मासा कुणीतरी चाटूनपुसून खावा आणि काटा तेवढा आपल्या घरी आणून ठेवावा, तसा. गिदोन शेजारी उभा, हातात पॉलिश पेपर. चेहरा असा प्रसन्न, की प्रार्थनेला दांडी मारल्याबद्दल त्याला बक्षीसच मिळालंय.

"अहो, हे काय?"

"पंख."

"ते कळतंय मला. माझ्या टेबलावर का?"

"गच्चीवरच्या खोलीत उजेड कमी पडतो गं."

गच्चीवरच्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या आहेत. आमच्या सावेडीतला सगळा उजेड आधी तिथे उतरतो, मग बाकीच्यांना वाटला जातो. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून हा माणूस त्या खोलीत बसून रिमोटवर उडणारी लाकडी विमानं बनवतोय आणि आजवर उजेडाबद्दल त्याची तक्रार नव्हती. टेबल हवं होतं तर सरळ मागायचं. मी शुगर फॅक्टरीत चेअरमनांची स्टेनो होते. एकामागून एक चार चेअरमन झाले, आणि चौघांच्याही थापा मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतल्या. गिदोनला थाप मारणं कधीच जमलं नाही.

ताटं मांडीवर घेऊन जेवलो. "हे शेवटचं विमान," तो म्हणाला. हे वाक्य मी आधीच्या दोन्ही विमानांच्या वेळी ऐकलेलं आहे, आणि तसं सांगितलंही. त्याने पाणी प्यायला हात पुढे केला तो तांब्याच्या शेजारी हवेत गेला, मग तांब्यावर आला. लक्ष सगळं त्या सांगाड्यात.

१५ जानेवारी, बुधवार

आता रेशीम पाहिजे. आजवरच्या विमानांना तो इस्त्रीने चिकटणारा प्लास्टिकचा कागद लावायचा आणि मला ती मिठाईच्या खोक्यांसारखी वाटायची. हे शेवटचं, म्हणून हे पूर्वीच्या पद्धतीने करायचं म्हणे: लाकडावर रेशीम ताणायचं, वर पातळ वार्निशचे हात द्यायचे. त्या वार्निशला डोप म्हणतात. नाव ऐकूनच मी हात जोडले.

कापड बाजार पालथा घातला. सगळीकडे जाड रेशीम, नाहीतर रेशमाच्या नावाखाली नायलॉन. घरी आल्यावर गिदोन बराच वेळ माझ्या कपाटाकडे बघत बसला. बघितल्यासारखं न करता बघायची कला त्याला येत नाही.

"नाव काढायचं नाही," मी म्हणाले.

"मी कुठं काय म्हणालो?"

कपाटात माझी लग्नाची साडी आहे. पांढरी चायना सिल्क, इतकी तलम की अंगठीतून ओढून काढावी. आमच्यात नवरी पांढरं नेसते. मला आकाशी हवी होती. श्रीरामपूरच्या दुकानात तशी एक होतीही, दुकानदाराने खांद्यावर टाकून दाखवली आणि आरशात मी क्षणभर कुणीतरी निराळीच दिसले. आई म्हणाली, "वेदीसमोर पांढरंच. निळं नंतर नेस हवं तेवढं." नंतर कोण नेसतं? नंतर ऑफिस असतं, रॉकेलची रांग असते, दुसऱ्यांची लग्नं असतात. त्या आकाशी साडीचा मला अजून राग येतो. म्हणजे आईचा येतो, पण ती नाही, म्हणून साडीचा.

१९ जानेवारी, रविवार

साडी दिली. अर्धी. मधोमध कापली तेव्हा कात्रीला आवाजसुद्धा आला नाही. अर्धी परत डांबराच्या गोळ्यांत ठेवली.

अट एकच: रंग मी ठरवणार. गिदोन म्हणाला, लाल करू.

"लाल! जन्मभर लाल डबे दुरुस्त केलेत, अजून पोट भरलं नाही? वर उडणारी एस.टी. बघायला मी माझी साडी कापली का?"

"लाल लांबून दिसतो गं."

"सगळ्या भडक गोष्टी लांबून दिसतात. आकाशी करायचं."

त्याने डोळे चोळले. मला वाटलं आता जुंपणार. मी बाह्या सरसावल्या होत्या. पण तो म्हणाला, "बरं. तुझी साडी, तुझा रंग." इतक्या लवकर हरला, की जिंकल्याची मजाच गेली. हा हल्ली असं का करतो? पूर्वी एका मिठाच्या चिमटीवरून आमचं आठवडाभर चालायचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

जरीनाकडे रंगवून आणलं. ही बाजाराच्या मागच्या गल्लीत राहते, अंगणात चूल मांडून दुपट्टे ब्लाउजला जुळवून रंगवून देते. माझ्याहून लहान आहे, पण बोलायला माझ्या तोडीची. म्हणूनच मी तिच्याकडे जाते.

"बाई, हा दुपट्टा कुणाचा?"

"विमानाचा."

तिने पातेलं ढवळायचं थांबवलं. "विमानाला आकाशी? मग आभाळात ते शोधायचं कुणी?"

"तुझं काम रंगवायचं, जरीना."

"रंगवते की. माझं काय जातंय! एकदा एका मुलीने दुपट्टा मागितला, दुधाच्या सायीसारखा रंग म्हणाली. दिला. सासरी जाऊन म्हणते, रंगवलेलाच नाही."

रंगाच्या पाण्यात तिने थोडं व्हिनेगर टाकलं आणि साडी सोडली. ती आधी पाण्यावर फुगली, बुडायला तयार नव्हती. मग कडेकडेने ओली होत सावकाश खाली गेली. पांढऱ्यात निळं कधी शिरलं ते मला कळलंच नाही, मी तर नजर न हलवता बघत होते. वाफ तोंडावर येत होती. जरीना काहीतरी बोलत होती, तिच्या सासूच्या तब्येतीचं. मी ऐकत नव्हते. पातेल्याच्या तळाशी श्रीरामपूरचं ते दुकान होतं, तो आरसा होता, आणि आरशात कुणीच उभं नव्हतं, नुसता रंग.

गच्चीवर वाळत घातलं. दुपारी ऊन कललं तेव्हा त्यातून निळा उजेड फरशीवर पडला. मी चपला काढून त्या उजेडात पाय ठेवून बसले. वारा आला की निळं पायावरून घोट्यापर्यंत चढायचं, परत उतरायचं. आमटी करपली. गिदोनने न कुरकुरता खाल्ली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझी चूक झाली, पण ती चूक नव्हती, संस्कार होते.

रंग वाळल्यावर मी रेशमाला खळ घातली. कडक, कुरकुरीत, इस्त्री करून घडी. कॉन्व्हेंटमध्ये मदर बर्नाडेट आमच्या कॉलरवर नख वाजवून बघायच्या. आवाज नाही आला तर परत धुवायला पाठवायच्या. बिनखळीचा कपडा घरात ठेवायला माझा हात होत नाही. गिदोनला बनियनसुद्धा खळीचे मिळतात.

सांगाड्याला डोपचे हात आधीच दिलेले होते. घरभर नेलपॉलिशचा वास. शाळेत ज्या वासाबद्दल छड्या मिळत त्या वासात मी आता आमटीला फोडणी देते. गिदोन म्हणाला, "रेशीम तू लाव. तुझे हात शिवणाचे." स्वतः खुर्चीत बसून हुकूम सोडणार! मी कापड ओलं केलं, पंखावर पसरलं, कडेने डोप फिरवला. तो रेशमातून झिरपून खालच्या लाकडाला धरतो म्हणे. तासाभराने बघते तर कडा कांद्याच्या सालीसारख्या सुटून वर आलेल्या.

गिदोनने सुटलेली कड बोटांत धरून चोळली. "रूथ, खळ घातलीस?"

"कापड आहे. कापडाला खळ घालतात."

"अगं, खळीतून डोप आत कसा जाणार? विमानाला कुठं प्रार्थनेला जायचंय?"

आणि तो हसायला लागला. इतका की डोळ्यांतून पाणी आलं. मी रागावले होते, पण त्याला असं हसताना बघून किती दिवस झाले ते आठवेना, म्हणून राग पुढे ढकलला. डोप लागलेला तुकडा वाया गेला. उरलेलं कोमट पाण्यात धुतलं. भाताच्या पेजेसारखं पाणी निघालं आणि रंग जरासा उतरला. आता तो सकाळी लवकरच्या आभाळाचा आहे. खरं तर आधीपेक्षा चांगला. हे मी गिदोनला सांगितलेलं नाही.

डोळ्यांत धूळ जाते म्हणून त्याने पुण्याहून थेंब आणलेत. पुण्याला तो मोटारीचे पार्ट बघायला जातो, विमानाच्या. थेंब टाकताना बाटली गालावर, कपाळावर, उशीवर. शेवटी मीच टाकते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जमलं.

ओलं रेशीम पंखावर ठेवलं की ते गरीब दिसतं. सुरकुत्या, फुगे. गिदोन म्हणाला, घाई करू नको, कडा सगळीकडून थोड्या थोड्या ओढ, जसं झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करतेस. हे त्याला कसं माहीत? तो तर झोपलेला असतो.

मग आम्ही काहीच केलं नाही. बसलो. पाणी उडत गेलं तसं रेशीम आपलं आपण आवळायला लागलं. एकेक सुरकुती आत ओढली गेली. मी टिचकी मारली तर दिमडीसारखा आवाज आला. मदर बर्नाडेट खूश झाल्या असत्या, आणि तेही खळीशिवाय.

खिडकीतून ऊन येत होतं. पंखाच्या फासळ्या रेशमाखाली दिसत होत्या, पाण्याखालच्या पायऱ्यांसारख्या. गिदोन त्यावरून हात फिरवत होता, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कसा दिसतोय?" त्याने विचारलं.

"समोर तर आहे. बघा की."

"तू सांग. तुला चांगलं सांगता येतं."

लबाड. पण मी सांगितलं. निळं कुठं दाट आहे, कुठं विरळ, एका कोपऱ्यात साडीची जुनी घडी अजून बारीक रेघेसारखी कशी राहिली आहे. तो डोळे मिटून ऐकत होता.

खालची बाजू लगेच लावली पाहिजे, नाहीतर एकाच बाजूने आवळून पंख पिळतो, असं त्याने सांगितलं. पण उद्या त्याला पुन्हा पुण्याला जायचंय. असं काय अडलंय पुण्याला?

११ फेब्रुवारी, मंगळवार

भाजी बाजारात जरीना भेटली. मेथीच्या जुडीवरून आमचं नेहमीसारखं चाललं होतं. तिने एकदम विचारलं, "भाईंच्या डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हणाले, "बरं आहे."

कुठून आलं हे उत्तर? चार चेअरमनांकडून आलं असेल. कळत नसलं की चेहरा न हलवता बरं आहे म्हणायचं.

"कुठलं बरं, बाई! आमच्या सासूला घेऊन मी पुण्याला गेले, तिथं बाकावर भाई. दोघांना एकच. काचबिंदू. बाजूचं आधी जातं, मग नळीतून बघितल्यागत नुसतं समोरचं राहतं, मग तेही जातं. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. औषध आहे ते उरलेलं टिकवायला. भाईंचं उरलंय थोडंच." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"मला सगळं ठाऊक असतं."

"हां. मग बरं. ते म्हणत होते, एवढं एक विमान डोळ्यांनी उडताना बघतो, मग घरी सांगतो. आधी सांगितलं तर रूथ उडवू देणार नाही."

मी! उडवू देणार नाही!

नसतंच उडवू दिलं. स्कूटरची किल्ली लपवली असती, सांगाडा गच्चीवर नेऊन टाकला असता आणि याला खुर्चीत बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवलं असतं, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण तो प्रश्न वेगळा. बाजारातल्या मेथीवालीलासुद्धा आता माहीत झालं आणि मला नाही! तांब्याशेजारची हवा, उजेड नसलेली खोली, थेंब, लाल लांबून दिसतो. मी काय आंधळी होते?

घरी येईपर्यंत सगळी वाक्यं तयार होती. चांगली वाक्यं होती. मराठीत सुरू होऊन इंग्रजीत संपणारी.

तो टेबलापाशी होता. मान इकडून तिकडे वळवत होता, कोंबडी दाणा शोधते तशी, आणि बोटं पंखावर. दारात मी उभी होते, त्याच्या डाव्या बाजूला. त्याने बघितलं नाही. मी बराच वेळ उभी राहिले. मग चपला वाजवल्या.

"आलीस? मेथी मिळाली?"

"मिळाली," मी म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कपाटातली उरलेली अर्धी साडी जरीनाकडे नेली.

"लाल," मी सांगितलं. "भडक. लाजायचं नाही."

"मागच्या वेळी तर भाईंचं लाल म्हणजे एस.टी. म्हणून नावं ठेवत होता."

"तुझं काम रंगवायचं, जरीना."

"रंगवते की," ती म्हणाली आणि तिने चुलीत एक लाकूड सारलं. पाणी आधी गुलाबी झालं, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं. पांढरं शेवटचं बुडालं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. अंगणात एका दोरीवर दुपट्टे वाळत होते, पिस्ता, अबोली, राख, आणि सगळ्यांच्या सावल्या एकाच रंगाच्या. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

खळ घातली नाही.

मला निळ्याचा कंटाळा आला होता, म्हणून लाल. दुसरं काही नाही. ही माझी वही आहे, इथे मी हवं ते लिहीन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तो म्हणाला होता तसं झालं. एकाच बाजूने आवळलेला पंख पिळला. नजरेला जेमतेम कळतं, पण गिदोनने दोन टोकं दोन हातांत धरली आणि लगेच म्हणाला, "डावं टोक वर गेलंय. असा उडवला तर गोल गोल फिरून पडेल."

"मग?"

"वाफ दे. इडलीचं भांडं ठेव."

भांड्यातून वाफ यायला लागली. मी एक टोक धरलं, त्याने दुसरं. पंख वाफेवर धरून उलट बाजूला पिळायचा, आणि तसाच धरून गार होऊ द्यायचा. स्वयंपाकघर ढगात गेलं. खिडकी दिसेना, डबे दिसेनात, गिदोनसुद्धा पुसट झाला, नुसते हात. लग्नात असंच एकमेकांचं काहीतरी धरून उभं केलं होतं आम्हाला, कशाला धरलंय ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

"सोडू का?"

"नको. आपलं आपण राहीपर्यंत धर."

धरलं. गार झाला, सरळ राहिला.

मग मी खालच्या बाजूसाठी लाल काढलं. त्याआधी टोपलीतली निळ्याची उरलेली घडी उशीच्या अभ्र्यात खुपसून ठेवली होती.

"निळं संपलं?" त्याने विचारलं.

"संपलं. तुमच्या त्या शेपटीला आणि धडाला किती लागलं! लालच मिळालं. नाइलाज."

त्याने रेशीम हातात घेतलं, तोंडाजवळ नेलं, नाकाला लागेल इतकं. बराच वेळ.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

वरून निळा, खालून लाल. जरीनाच्या कुठल्याही गिऱ्हाइकाने असा दुपट्टा परत पाठवला असता. आता दोन्ही बाजूंनी सारखा ताण बसलाय, तेव्हा पिळायचा नाही. टेबलावर खिळे ठोकून आडवा ठेवलाय. माझं सागवानी टेबल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डोपचे हात झाले. दर हाताला रेशीम आणखी ताठ, आणखी चकचकीत. ढगाळ दिवशी लावला तर पांढरे डाग येतात म्हणून आम्ही उन्हाची वाट बघायचो. मला आभाळ बघायची सवय लागली. सकाळी उठून आधी वर बघते, मग दूध. शाळेत खिडकीबाहेर बघितलं म्हणून मला उभं करायचे, आणि उभं राहिलं की आणखी चांगलं दिसायचं, हे त्या सिस्टर्सना कधी कळलं नाही.

शनिवारी उडवायचं. निंबळकच्या पुढे माळ आहे. गिदोन म्हणाला, स्कूटरवर जाऊ, पंख मागे तू धर.

"माझ्या कंबरेला आता स्कूटर सोसत नाही. रिक्षा करा."

"कधीपासून?"

"आजपासून. बाईच्या कंबरेला कधीपासून विचारायचं नसतं."

तो लगेच हो म्हणाला. त्याचा खांदा केवढा खाली आला, ओझं उतरल्यासारखा. स्कूटरची किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली. त्यानेही शोधली नाही.

मला भीती वाटते ती ही, की त्याला ते दिसलंच नाही तर? एवढ्यासाठी तो सगळं पोटात घेऊन बसलाय. लाल तरी दिसेल ना? वर निळं मी घातलंय. ते काढता येत नाही.

१ मार्च, शनिवार

जरीना रिक्षात आधीच बसलेली होती. "रंग माझा आहे, मी येणार." तिच्या मांडीवर खिम्याच्या समोशांचा डबा, त्यावर विमानाचं शेपूट, आणि चादरीत गुंडाळलेला पंख आम्हा तिघांच्या मांड्यांवर आडवा, दोन्हीकडून बाहेर आलेला. एमआयडीसीच्या वळणावर एका टेम्पोवाल्याने आमच्याकडे बघत बघत ब्रेक मारला. "बघ, बघ," जरीना त्याला म्हणाली, "फुकट आहे."

माळ मोकळा होता. वाळलेलं गवत, लांब एक पाण्याची टाकी, ऊन अजून कोवळं. गिदोनने विमान जोडलं. बोटांनीच जोडलं, नजर दूर कुठेतरी. पंख्याचा आवाज सुरू झाला, माशी भणभणल्यासारखा. विमान हातातून सोडायचं काम माझं.

"नाक सरळ ठेव. ढकलू नको. नुसतं जाऊ दे."

गेलं. माझ्या हातात वजन होतं, मग नव्हतं.

गवतावरून सरकत वर चढलं. कलून वळलं तेव्हा वरची बाजू आमच्याकडे आली, निळी, आणि जरीना म्हणाली तसंच झालं. आभाळाने ते घेतलं. मलाच क्षणभर दिसेना. गिदोनची मान वळायला लागली, इकडे, तिकडे. रिमोटवरची बोटं थांबली. त्याच्या कपाळावर घाम होता, सकाळची थंड वेळ असून.

"कुठंय?" त्याने विचारलं. इतक्या हळू, की मला कळलं, हा प्रश्न तो किती दिवस कुणालाच विचारत नव्हता.

मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. "टाकीच्या वर. तिथून डावीकडे येतंय. आपल्याकडे येतंय. थांबा. आता वर बघा, अगदी डोक्यावर."

ते डोक्यावर आलं, आणि त्याच्यामागे सगळं उजळलेलं आभाळ.

घरात तो पंख कायम टेबलावर पडलेला, कधी पाठीवर, कधी पोटावर. उजेडासमोर धरून आम्ही कुणी बघितलाच नव्हता. आता ऊन निळ्यातून शिरून लालमधून खाली येत होतं. पंख निळा नव्हता आणि लाल नव्हता. जांभळा होता. पिकलेल्या जांभळाचा, गडद, ओला, फासळ्यान् फासळी मोजता येईल असा. एवढ्या फिक्या आभाळात तेवढीच एक गोष्ट खरी असल्यासारखी.

"सापडलं," गिदोन म्हणाला.

"या अल्ला," जरीना म्हणाली. "हा रंग मी नाही दिला."

त्यानंतर किती वेळ गेला ते मला माहीत नाही. ते फिरत राहिलं. बाजूला जाऊन हरवायला लागलं की मी सांगायची, टाकी, बाभळ, रेल्वेचे खांब, आणि तो ते परत डोक्यावर आणायचा, जांभळं व्हायला. मध्येच त्याने मोटार बंद केली आणि ते नुसतं तरंगलं. आवाज गेला. गवताचा आवाज आला. त्याची सावली आमच्या अंगावरून गेली आणि शपथ सांगते, सावलीलाही थोडा रंग होता.

"रूथ, हा कुठला रंग गं?"

"माझ्या लग्नाच्या साडीचा."

उतरताना एक चाक मोडलं. जरीनाने समोसे वाटले.

परतताना ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली, तो बिचारा मान डोलावत होता. मागे आम्ही दोघं, मांडीवर पंख. ऊन वर आलं होतं. चादर सरकली होती आणि रिक्षातून येणारा उजेड पंखाखाली गिदोनच्या पांढऱ्या पँटवर पडत होता. त्याने आपला हात त्यात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"मला दिसलं," तो म्हणाला. "सगळं दिसलं."

मी काही विचारलं नव्हतं.

"पंख नीट धरा," मी म्हणाले. "तुमच्या डावीकडे खड्डा आहे."